भाषाविज्ञानाची परिषद, तोंडाच्या भाषा आणि हातांच्या भाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषाविज्ञानाच्या परिषदांना मी बरीच वर्षं जातेय. कधी पेपर वाचायला, कधी नुसती ऐकायला, आणि सगळ्यात जास्त वेळा नोंदणीच्या टेबलावर बसायला. त्या टेबलावर बसलं की माणसं खरे प्रश्न विचारतात. सभागृहात विचारायला संकोच वाटतो तेच नेमके तिथे येतात: "मला साइन लँग्वेज येत नाही, बसू का?", "सर्टिफिकेट आजच मिळेल ना?", "त्या दोन बाई आळीपाळीने का उभ्या राहतात?" खालची उत्तरं अशाच प्रश्नांची आहेत. काही लांबली आहेत, काही एका ओळीत आटोपली आहेत; प्रश्नच तसे आहेत.

या परिषदेत शुद्ध भाषा कशी बोलावी ते शिकवतात का?

नाही. भाषाविज्ञानवाल्याला "आनी-पानी" म्हणणारा माणूस चुकतोय असं वाटतच नाही. त्याला प्रश्न पडतो की या माणसाच्या बोलीत ण आणि न यांची वाटणी कशी झाली आहे. परिषदेत लोक भाषेची यंत्रणा उघडून दाखवतात. एक साधं उदाहरण घ्या. "जरा थांब" मधला "जरा" आणि म्हातारपण या अर्थाचा संस्कृतातून आलेला "जरा" आपण लिहितो एकसारखे, पण बोलताना पहिल्यातला ज दातांजवळ आणि दुसऱ्यातला टाळूजवळ उच्चारतो. लिपीने लपवलेला हा फरक मराठी माणसाचा कान बिनचूक पकडतो. तो कसा पकडतो, मुलं तो कधी शिकतात, विदर्भात आणि कोकणात त्याचं काय होतं, यावर अख्खं सत्र होऊ शकतं.

बाकी विषय म्हणाल तर वाक्यरचना, अर्थ, बोलींची पाहणी, मुलांचं भाषा शिकणं, मरू घातलेल्या भाषांची नोंद. आपल्याकडे बुलढाण्यात जळगाव जामोदच्या आसपास निहाली बोलली जाते. तिचं नातं जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी अजून जुळवता आलेलं नाही. निहाली हा शब्द कानावर पडला की परदेशी भाषाशास्त्रज्ञ चहाचा कप खाली ठेवतो. आपल्याकडे मात्र बऱ्याच जणांना ती भाषा महाराष्ट्रात आहे हेच ठाऊक नसतं.

हातांच्या खुणा म्हणजे हावभाव. त्याला भाषा कसं म्हणायचं?

हा प्रश्न दरवेळी येतो आणि मला त्याचा राग येत नाही, कारण १९६० पर्यंत भाषाशास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात विल्यम स्टोकी नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी त्या वर्षी दाखवून दिलं की अमेरिकन साइन लँग्वेजमधली प्रत्येक साइन, म्हणजे हातांनी केलेला शब्द, सुट्या घटकांची बनलेली असते: हाताचा आकार, ती करण्याची जागा आणि हालचाल. तळहाताची दिशा पुढच्या अभ्यासकांनी जोडली. यातला एक घटक बदलला की शब्दच बदलतो. त्या भाषेत "उन्हाळा", "कुरूप" आणि "कोरडा" या तीन साइन जवळजवळ सारख्याच आहेत. बोट वाकवत चेहऱ्यासमोरून आडवं न्यायचं. कपाळापाशी केलं तर उन्हाळा, नाकापाशी केलं तर कुरूप, हनुवटीपाशी केलं तर कोरडा.

आता "पाट" आणि "पाठ" आठवा. एका महाप्राणाने, म्हणजे ट नंतर जोराने सोडलेल्या श्वासाने, जेवायला बसायची फळी बदलून शरीराचा भाग होतो. काम तेच आहे, फक्त एकीकडे ते श्वासाने होतं आणि दुसरीकडे जागेने.

हावभावाचं तसं नसतं. खांदे उडवताना तुम्ही ते दोन इंच वर उडवलेत की तीन, याने अर्थ बदलत नाही.

मग जगभरच्या कर्णबधिरांची भाषा एकच असेल?

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या म्हणण्यानुसार जगात ३०० हून अधिक सांकेतिक भाषा, म्हणजे साइन लँग्वेज, आहेत. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे इंग्रजी चालते, पण अमेरिकन आणि ब्रिटिश साइन लँग्वेज एकमेकींना कळत नाहीत. अमेरिकन साइनचं नातं फ्रेंच साइनशी आहे, कारण १८१७ साली हार्टफर्डला निघालेल्या शाळेत शिकवायला फ्रान्सहून लॉरें क्लेर आले होते. अमेरिकेत रोमन अक्षरं एका हाताने दाखवतात. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे दोन हातांनी.

शिवाय एकेका गावाच्याही भाषा असतात. बालीतल्या बेंगकाला गावात अनेक पिढ्या कर्णबधिर मुलं जन्मत आली आणि तिथे काता कोलोक ही भाषा तयार झाली. ती गावातल्या ऐकू येणाऱ्या लोकांनाही येते. कर्नाटकातल्या अलीपूरमध्येही अशी गावची साइन आहे. निकाराग्वात तर १९७० च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वात कर्णबधिर मुलांच्या शाळा सुरू झाल्या आणि मुलांनी आपापसांत एक नवीच भाषा घडवली. भाषेचा जन्म डोळ्यांदेखत पाहायला मिळणं हे भाषाशास्त्रज्ञाच्या नशिबात सहसा नसतं, म्हणून त्या मुलांवर इतके पेपर निघाले.

भारतीय साइन लँग्वेज म्हणजे हातांनी केलेली हिंदी ना?

हिंदीही नाही, मराठीही नाही. तिचं व्याकरण स्वतःचं आहे. प्रश्नाचंच पाहा. आपण म्हणतो "पुस्तक कोणी घेतलं?" आपला "कोणी" क्रियापदाच्या आधी येतो. भारतीय साइनमध्ये प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी जाते, म्हणजे क्रम साधारण असा होतो: पुस्तक, घेणे, कोण. त्याहून गमतीची गोष्ट अशी की तिथे "कोण", "कुठे", "किती" असे वेगवेगळे शब्द लागतातच असं नाही. एकच सर्वसाधारण प्रश्नखूण असते आणि ती दुसऱ्या साइनला जोडतात. जागा आणि प्रश्नखूण म्हणजे कुठे, चेहरा आणि प्रश्नखूण म्हणजे कोण, संख्या आणि प्रश्नखूण म्हणजे किती. या रचनेवर आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत लेख आले आहेत. प्रश्नवाचक शब्द म्हणजे मुळात काय, हा प्रश्न त्यामुळे सगळ्याच भाषांसाठी नव्याने विचारावा लागला.

"तू येणार?" अशा हो-नाही प्रश्नात हात विधानासारखेच चालतात, प्रश्न चेहऱ्यावर असतो. भुवया वर, डोळे मोठे, डोकं जरा पुढे. आपण आवाज चढवून जे करतो ते काम इथे चेहरा करतो. म्हणून "चेहऱ्यावर इतके भाव कशाला आणता?" असं कर्णबधिर माणसाला सांगणं म्हणजे मराठी माणसाला "का" आणि "ना" न वापरता बोल म्हणण्यासारखं आहे.

सरकारी पातळीवर दिल्लीची भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण संस्था २०१५ पासून आहे आणि तिच्या शब्दकोशात २०२१ साली १०,००० शब्द झाले. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत मात्र ही भाषा नाही. न्यूझीलंडने आपल्या सांकेतिक भाषेला २००६ मध्येच अधिकृत दर्जा दिला, दक्षिण आफ्रिकेने २०२३ मध्ये.

अशा परिषदा भरतात कुठे?

केवळ सांकेतिक भाषांच्या संशोधनाची सगळ्यात मोठी आंतरराष्ट्रीय परिषद आद्याक्षरांवरून "टिसलर" म्हणून ओळखली जाते. १९८६ साली अमेरिकेत रॉचेस्टरला सुरू झाली. गेल्या तीन खेपा हॅम्बुर्ग (२०१९), ओसाका (२०२२) आणि आदिस अबाबा (२०२५) इथे झाल्या. ती दरवर्षी नसते, त्यामुळे एक हुकली की दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

भारतात सर्व भाषांसाठी लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया आहे. १९२८ साली लाहोरला स्थापन झाली आणि पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजला आली. आपल्या भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांसारखी माणसं त्याच आवारातली. येरवड्याच्या बाजूने त्या जुन्या दगडी इमारतीत शिरताना अजूनही जरा दबल्यासारखं होतं, आणि मग कँटीनपाशी दोन पोरं "ळ" वरून हमरीतुमरीवर आलेली दिसली की बरं वाटतं.

सांकेतिक भाषांचे पेपर वेगळ्या सत्रात का ठेवता?

ठेवू नयेत, हे माझं ठाम मत आहे आणि यावरून माझी बऱ्याच आयोजकांशी खडाजंगी झाली आहे. नेहमीचा प्रकार असा: ध्वनी, वाक्य, अर्थ, बोली अशी सत्रं लावून होतात. मग शेवटच्या दिवशी दुपारी तीनला, जेवण अंगावर आलेलं असताना, तळमजल्यावरच्या छोट्या खोलीत "दिव्यांग आणि भाषा" नावाचं सत्र. त्यात साइनच्या व्याकरणावरचा पेपर, शेजारी तोतरेपणावरचा, शेजारी ब्रेलवरचा. भाषाशास्त्रातला प्रश्न विचारणारा पेपर आरोग्य-शिक्षणाच्या कपाटात जाऊन पडतो आणि वाक्यरचनेवर काम करणारी मंडळी तोवर स्टेशनकडे निघालेली असतात.

याने काय हुकतं ते एका उदाहरणावरून कळेल. मराठीत "मुलीने आंबा खाल्ला", "मुलीने पोळी खाल्ली". खाणारी तीच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. वर्तमानकाळात "मुलगी आंबा खाते" म्हटलं की क्रियापद परत मुलीचं ऐकायला लागतं. आणि "मी पोळी खाल्ली" मध्ये "मी" ला "ने" लागतच नाही. क्रियापद कोणाचं ऐकतं, हा मराठीच्या अभ्यासकाचा रोजचा प्रश्न आहे. आता भारतीय साइनमध्ये "देणे" ही खूण देणाऱ्याच्या जागेपासून घेणाऱ्याच्या जागेपर्यंत सरकते. मी तुला दिलं तर माझ्याकडून तुझ्याकडे, तू मला दिलंस तर उलट. म्हणजे कर्ता आणि घेणारा दोघेही क्रियापदात जागेच्या रूपाने उमटतात. काही क्रियापदं मात्र अशी सरकतच नाहीत. ही जुळणी मराठीतल्यासारखीच व्याकरणाची आहे, की नुसतं बोट दाखवणं आहे, यावर जगभर वाद चालू आहे. हे दोन पेपर एकाच सत्रात शेजारी ठेवा. चर्चा चहाच्या वेळेतही थांबणार नाही. मी हे एकदा जमवलं होतं. अहिराणीवर काम करणारा मुलगा आणि साइनवर काम करणारी मुलगी दुपारभर पायरीवर बसून दुभाष्यामार्फत भांडत होते.

मला साइन अजिबात येत नाही. यायला हरकत नाही ना?

काहीच हरकत नाही. तुम्हाला तमिळ येत नाही म्हणून तमिळवरच्या पेपरला जायचं टाळता का?

ॲबस्ट्रॅक्ट कसा लिहायचा?

गोषवारा म्हणून बरेच जण प्रबंधाची प्रस्तावना पाठवतात. "भाषा हे मानवी संस्कृतीचं अविभाज्य अंग आहे" इथून सुरुवात झाली की परीक्षक पुढच्या ॲबस्ट्रॅक्टकडे वळलाच समजा. पहिल्या दोन वाक्यांत तुमचा प्रश्न सांगा. मग सामग्री काय, किती लोकांकडून घेतली, कुठली बोली. मग उदाहरणं, आकडे घालून, ओळीखाली ओळ लावून. मग तुमचं म्हणणं, आणि त्याला कोण विरोध करेल ते. शब्दमर्यादा पाळा.

नाव लिहू नका. तपासणी बहुतेक ठिकाणी निनावी असते, आणि "माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे" असं एक वाक्यही तुमची ओळख फोडतं. फाइलच्या गुणधर्मांतही नाव राहतं, ते काढा.

सांकेतिक भाषेवर लिहीत असाल तर आणखी एक. तुमच्या माहितीदारांनी, म्हणजे ज्यांच्याकडून भाषेचे नमुने घेतले त्यांनी, ती भाषा कितव्या वर्षी आत्मसात केली ते लिहा. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. काहींच्या डोळ्यांसमोर साइन पाळण्यापासून असते, काहींना ती वसतिगृहात दहाव्या वर्षी भेटते. दोघांचं व्याकरण सारखं धरून काढलेल्या निष्कर्षाला परीक्षक पहिल्याच वाचनात हाणतात.

साइन केलेलं वाक्य देवनागरीत लिहायचं कसं?

चांगला प्रश्न आहे आणि याचं सर्वमान्य उत्तर नाही. इंग्रजीत साइनचा अर्थ कॅपिटल अक्षरांत लिहिण्याची पद्धत आहे, म्हणजे हा इंग्रजी शब्द नसून साइनची खूणगाठ आहे हे डोळ्याला कळतं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत. मी साइन ठळक लिहिते, एका साइनला मराठीत दोन शब्द लागले तर मध्ये जोडरेघ देते, आणि वर एक आडवी रेघ ओढून भुवया कुठून कुठपर्यंत वर होत्या ते दाखवते. ठळक अक्षरं आणि रेघ इथे उमटलेली नाहीत, पण ओळी अशा लावते:

पुस्तक घेणे कोण
"पुस्तक कोणी घेतलं?"

क्रियापद मूळ रूपात लिहा. "घेतलं" लिहिलंत की मराठीचा भूतकाळ आणि लिंग चोरपावलांनी साइनमध्ये शिरतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं तिथेही नपुंसकलिंग आहे. आणि शक्य असेल तिथे चित्र किंवा व्हिडिओ द्या. शब्द हे फक्त लेबल आहे, बरणीतलं लोणचं नव्हे.

माहितीदाराचा चेहरा धूसर करून व्हिडिओ दाखवला तर चालेल का?

इथेच साइनचं संशोधन अवघड होतं. बोलीच्या अभ्यासात नाव बदललं, गाव लपवलं, की माणूस बराचसा झाकला जातो. साइनमध्ये चेहरा धूसर केलात तर प्रश्नच पुसला जातो, कारण प्रश्न भुवयांत होता. म्हणून चेहरा दाखवावाच लागतो आणि म्हणून संमती नीट घ्यावी लागते. इंग्रजी फॉर्मवर सही म्हणजे संमती नव्हे. फॉर्ममधला मजकूर साइनमध्ये समजावून सांगा, आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: मी एकटीने पाहिला तर चालेल का, परिषदेत दाखवला तर चालेल का, इंटरनेटवर कायमचा ठेवला तर चालेल का. अनेक जण पहिल्या दोनला हो म्हणतात आणि तिसऱ्याला नाही. कर्णबधिरांचा समाज लहान असतो. व्हिडिओतली बाई कोण, हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना तसंही ठाऊक असतं.

दुभाषे दोन का लागतात? एकाचे पैसे वाचतील.

एक माणूस सलग तासभर ऐकत, समजून घेत, दुसऱ्या भाषेत लावत राहिला की घसरतो. म्हणून दुभाषे जोडीने काम करतात आणि साधारण १५ ते २० मिनिटांनी बदलतात. बसलेला दुभाषी विश्रांती घेत नसतो. तो निसटलेला आकडा किंवा नाव पहिल्याला पुरवत असतो. दोन सत्रं समांतर असतील तर चार दुभाषे. हा हिशेब अंदाजपत्रक करतानाच धरा. हाराचे, शालींचे आणि स्मृतिचिन्हांचे पैसे आधी ठरतात आणि दुभाष्यांचे "बघू, जमलं तर" मध्ये जातात, हे मी फार वेळा पाहिलंय.

दुभाष्याला स्लाइड्स आधी पाठवा. किमान आठवडाभर. "विभक्तिप्रत्यय" किंवा "प्रयोग" हे शब्द त्याला आयत्या वेळी मंचावर भेटले तर तो "प्रयोग" म्हणजे नाटकाचा प्रयोग करून टाकेल, आणि दोष तुमचा असेल.

उभं कुठे करायचं? वक्त्याच्या शेजारी, पडद्याच्या जवळ, उजेडात. एका महाविद्यालयात आम्ही हे सगळं नीट केलं होतं आणि पहिली स्लाइड लागताच शिपाईकाकांनी सवयीने सभागृहाचे सगळे दिवे घालवले. पडदा झकास दिसत होता. दुभाषी काळोखात हात हलवत होती. कोणाच्या लक्षातच आलं नाही. दोन मिनिटांनी तिसऱ्या रांगेतून एक कर्णबधिर पाहुणे उठले, शांतपणे भिंतीपाशी गेले, एकेक बटण दाबून पाहिलं, दुभाषीवरचा दिवा लागल्यावर परत येऊन बसले. वक्ते बोलतच होते. त्या दिवसापासून मी स्विचबोर्डावर चिकटपट्टी लावते: "हा दिवा बंद करू नये".

स्क्रीनवर आपोआप मजकूर उमटतो की आता. दुभाषे कशाला?

आपोआप उमटणाऱ्या मजकुराचा उपयोग होतो, विशेषतः मोठेपणी ऐकू येईनासं झालेल्यांना. पण मराठी-इंग्रजी मिसळून बोलणाऱ्या वक्त्यापुढे, त्यातून बोलीतली उदाहरणं आली की, तो मजकूर भरकटतो. आणि ज्याची पहिली भाषा साइन आहे त्याला मराठी किंवा इंग्रजी वाचायला लावणं म्हणजे दुसऱ्या भाषेत ऐकायला लावणंच झालं. शिवाय मजकूर एकाच दिशेने जातो. कर्णबधिर संशोधकाने साइनमध्ये प्रश्न विचारला तर तो तुम्हाला सांगणार कोण?

प्रश्न विचारताना काय पाळायचं?

माइक घ्या. "माझा आवाज मोठा आहे" हे शिक्षकी वाक्य इथे चालत नाही, दुभाषी कदाचित पाठमोरी असेल. एका वेळी एकानेच बोला. कर्णबधिर वक्त्याला प्रश्न असेल तर त्याच्याकडे बघून विचारा, दुभाष्याकडे बघून "त्यांना विचारा की..." असं नको. दुभाषी जेव्हा "मला हे पटत नाही" म्हणते तेव्हा न पटलेलं वक्त्याला असतं, तिला नव्हे. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी एकदा दुभाषीशीच पाच मिनिटं वाद घातला होता.

आणि थांबा. दुभाष्याचं वाक्य तुमच्या वाक्यामागून काही सेकंदांनी पोचतं. "कोणाला शंका?" म्हणून लगेच "नाही? मग धन्यवाद" म्हटलंत तर कर्णबधिर श्रोत्यापर्यंत "शंका" हा शब्द पोचायच्या आत सत्र संपलेलं असतं.

टाळ्या वाजवायच्या की नाहीत?

दोन्ही हात वर करून पंजे हलवतात. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं. तिनशे माणसांनी एकदम केलं की समोरून फार देखणं दिसतं.

पेपर मराठीत वाचता येईल का?

परिषदेचं पत्रक बघा. भारतातल्या बहुतेक राष्ट्रीय परिषदांत इंग्रजी चालते, काही ठिकाणी हिंदी, महाराष्ट्रातल्या परिषदांत मराठीला जागा असते. मात्र मराठीतून साइनमध्ये नेणारे दुभाषे हवे असतील तर ते आधीच सांगून ठेवावं लागतं. दिल्लीहून आलेल्या दुभाष्याला मराठी समजेलच असं नाही. मराठीत वाचा आणि स्लाइड्स इंग्रजीत ठेवा, ही तडजोड मला बरी वाटते. उदाहरणं मात्र कधीही भाषांतरात देऊ नका. "मला भूक लागली" याची गंमत "लागली" मध्ये आहे, ती इंग्रजीत उरत नाही.

"मूकबधिर" म्हटलं तर वाईट का वाटतं? शाळांच्या पाट्यांवरही तेच असतं.

पाट्या जुन्या आहेत. "मूक" मध्ये असं गृहीत आहे की आवाज नाही म्हणजे बोलणं नाही, आणि वरची सगळी उत्तरं त्याच्या उलट आहेत. "कर्णबधिर" म्हणा, तरुण मंडळी स्वतःला सरळ "डेफ" म्हणवतात. जुनी जखम आहे. १८८० साली मिलानला शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि शाळांतून साइन हद्दपार करून मुलांना तोंडाने बोलायलाच शिकवावं असा ठराव झाला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर कित्येक पिढ्यांनी वर्गात हात बांधून, किंवा हातांवर पट्टी खाऊन, शिक्षण घेतलं. त्याच परिषदेच्या परंपरेने त्याबद्दल खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकुव्हरला. सभागृहात कर्णबधिर संशोधक किती आहेत आणि त्यातले मंचावर किती आहेत, हे मोजायची सवय मला तेव्हापासून लागली.

सर्टिफिकेट मिळेल का? आणि ईमेलवर आलेलं निमंत्रण खरं कसं ओळखायचं?

मिळेल, शेवटच्या सत्रानंतर. आधी मागू नका, आम्ही देणार नाही.

निमंत्रणांचं जरा सविस्तर सांगते, कारण दरवर्षी कुणीतरी फसतं. "आदरणीय विद्वान" असा मायना, एकाच परिषदेत भाषाविज्ञान, नॅनोतंत्रज्ञान आणि व्यवस्थापन, ॲबस्ट्रॅक्ट पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी स्वीकृती आणि सोबत बँकेचा तपशील: हे दिसलं की मेल पुसून टाका. खऱ्या परिषदेत स्वीकृतीला आठवडे लागतात आणि परीक्षकाचे चार बोचरे शेरे सोबत येतात. ते बोचरे शेरे हीच खरेपणाची खूण. संयोजन समितीतल्या दोन नावांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहून विचारा. खोट्या परिषदांच्या पत्रकावर अशांची नावं असतात ज्यांना त्याचा पत्ताही नसतो.

राहण्या-जेवणाचं काय?

शाकाहारी-मांसाहारी फॉर्ममध्ये भरा. कर्णबधिर पाहुण्यांच्या खोलीसाठी वसतिगृहाला आधी सांगा: दारावर थापा मारून काही होणार नाही, आगीचा इशारा दिव्याने मिळाला पाहिजे, नाहीतर शेजारच्या खोलीत जबाबदार माणूस हवा.

जेवणाची टेबलं गोल लावा, लांब पंगत नको. साइन करणाऱ्याला समोरच्यांचे हात दिसले पाहिजेत, आणि टेबलाच्या मधोमध फुलांचा उंच गुच्छ ठेवला की संभाषण मेलं. जेवायचे हात आणि बोलायचे हात तेच, त्यामुळे कर्णबधिर मंडळींची जेवणं लांबतात. वाढप्यांना ताटं उचलायची घाई करू नका म्हणून सांगा. दुभाष्यांना वेगळी सुट्टी द्या. जेवणाच्या टेबलावर सगळे त्यांनाच बोलायला लावतात आणि त्यांचा वरणभात गार होतो.

मला साइन नाव, म्हणजे साइनमधलं माझं नाव, मिळेल का?

मागून मिळत नाही आणि स्वतः ठेवता येत नाही. कर्णबधिर माणसं तुम्हाला ओळखू लागली की त्यांच्यातलं कुणीतरी ठेवतं, बहुधा तुमच्या एखाद्या सवयीवरून. गालावरची खळी, केसांची बट, हसण्याची ढब. मला मिळालं ते तिसऱ्या परिषदेत: तर्जनीने चष्मा नाकावर वर ढकलणे, दोनदा. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चष्मा गेला. नाव तेच आहे.